मोठी डिकीवाली गाडी: किंमत, मोल आणि भरवसा यांचा कोकणातला हिशेब

घटस्थापनेच्या दिवशी, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ रोजी, मोटारींवरील वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले आणि गणपतीच्या सुट्टीत अर्धवट राहिलेली एक चर्चा कोकणातल्या अनेक घरांत पुन्हा सुरू झाली. लहान गाडी बरीच स्वस्त झाली आहे, तेव्हा लहानच घ्यावी, की आई-वडील, मुले, चार बॅगा आणि परतीच्या वाटेवरच्या आंब्याच्या पेट्या एकाच फेरीत मावतील अशी मोठी सेडान घ्यावी, हा त्या चर्चेचा विषय. सेडान म्हणजे इंजिन, माणसे आणि सामान यांसाठी तीन वेगळे खण असलेली, आपण ‘डिकीवाली’ म्हणतो ती गाडी. या लेखात अमुकच गाडी घ्या असे सांगायचे नाही. घेताना हिशेब कसा मांडावा, आणि तो पुण्या-मुंबईपेक्षा किनारपट्टीवर वेगळा का पडतो, एवढे समजून घ्यायचे आहे.

चार मीटरची रेघ

आपल्याकडे ‘लहान’ आणि ‘मोठी’ हा भेद डोळ्यांनी ठरत नाही, तो कराच्या नियमाने ठरतो. गाडीची लांबी चार मीटरपर्यंत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत (डिझेल असल्यास १५०० सीसीपर्यंत) असेल तर ती लहान, आणि तिच्यावर आता १८ टक्के कर लागतो. यांपैकी एक जरी मर्यादा ओलांडली तर कर ४० टक्के. पूर्वी उपकरासह लहान पेट्रोल गाडीवर २९ टक्के आणि दीड लिटरपर्यंतच्या इंजिनाच्या मोठ्या सेडानवर ४५ टक्के कर होता. म्हणजे दोन्ही स्वस्त झाल्या, पण लहान गाडी अधिक झाली आणि दोघींमधली दरी रुंदावली.

करापूर्वी समजा आठ लाख रुपये किमतीच्या दोन गाड्या आहेत. लहान गटातली शोरूममध्ये ९ लाख ४४ हजारांना पडेल आणि मोठ्या गटातली ११ लाख २० हजारांना. त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी वाहन कर येतो, तो पेट्रोल गाडीसाठी दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि दहा ते वीस लाखांपर्यंत १२ टक्के आहे. त्यामुळे तिथेही सुमारे तीस हजारांचा फरक पडतो. एकूण दोन लाखांहून अधिक रक्कम अशी जाते की तिने गाडीत एक बोटभर पत्राही वाढत नाही. मोठी सेडान निवडणाऱ्याने हे दोन लाख मनातल्या मनात आधीच वेगळे काढून ठेवावेत आणि उरलेल्या पैशांत आपल्याला काय मिळते ते पाहावे.

मिळते ते असे. लहान गटातल्या डिझायरची डिकी ३८२ लिटरची आहे, तर मोठ्या सेडानांपैकी सिटीची ५०६, स्लाव्हिया आणि व्हर्टसची ५२१, व्हर्नाची ५२८ लिटर. मागच्या बाकावर गुडघे पुढच्या आसनाला टेकत नाहीत आणि लांब प्रवासात तिसरा माणूस अवघडत नाही. सुमारे हजार किलोमीटरची मुंबई–मालवण ये-जा वर्षातून चार वेळा करणाऱ्या घराला या जागेचे मोल आहे. जी गाडी बहुतेक दिवस बाजारपेठ आणि शाळा एवढेच अंतर कापणार आहे, तिच्या मालकाला ते फारसे नाही.

किंमत वेगळी, मोल वेगळे

किंमत म्हणजे एका दिवशी द्यावा लागणारा पैसा. मोल समजण्यासाठी मात्र गाडी घेतल्या दिवसापासून विकल्या दिवसापर्यंतचा सगळा खर्च धरावा लागतो. कौलारू घर आणि पत्र्याचे घर यांची तुलना करताना आपण हेच करतो: कौले घालायला किती आणि पत्रा घालायला किती एवढ्यावर न थांबता, दर दोन-चार वर्षांनी शाकारणीला काय लागेल आणि पत्रा किती वर्षांत गंजेल, हेही विचारतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘अ’ गाडी रस्त्यावर येईपर्यंत सोळा लाखांना पडते, ‘ब’ चौदा लाखांना. दोन्ही आठ वर्षे आणि ९६ हजार किलोमीटर चालवल्या. आठ वर्षांनी ‘अ’ साडेसहा लाखांना गेली, ‘ब’ला कसेबसे साडेतीन लाख मिळाले, म्हणजे घट अनुक्रमे साडेनऊ आणि साडेदहा लाख. देखभाल आणि दुरुस्तीला ‘अ’ने २ लाख ४० हजार घेतले, ‘ब’ने गिअरबॉक्सच्या एका मोठ्या कामासह ३ लाख ६० हजार. विमा दोघींचा अडीच लाख धरू. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरले तर लिटरला १६ किलोमीटर देणाऱ्या ‘अ’ला ६ लाख ३० हजारांचे आणि १५ देणाऱ्या ‘ब’ला ६ लाख ७२ हजारांचे इंधन लागले. बेरीज केली की ‘अ’चा खर्च २० लाख ७० हजार आणि ‘ब’चा २३ लाख ३२ हजार होतो. दोन लाखांनी स्वस्त असलेली गाडी शेवटी २ लाख ६२ हजारांनी महाग पडली.

यावर कोणी म्हणेल की ते वाचलेले दोन लाख मुदत ठेवीत ठेवले असते तर व्याज मिळाले असते. आक्षेप योग्य आहे. सात टक्के चक्रवाढ दराने आठ वर्षांत सुमारे १ लाख ४४ हजार व्याज झाले असते, तरीही ‘अ’ लाखभराहून अधिकने पुढेच राहते. आकडे माझे आहेत आणि प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. पण त्यांतली एक गोष्ट बहुधा बदलत नाही. चहाच्या टपरीवर ज्या मायलेजवरून तावातावाने वाद होतात, त्या एका किलोमीटरच्या फरकाने आठ वर्षांत ४२ हजारच हलले. दुरुस्तीच्या फरकाने १ लाख २० हजार आणि विक्रीच्या किमतीने पूर्ण तीन लाख. म्हणजे मोलाचा प्रश्न फिरून भरवशापाशीच येतो, कारण ज्या गाडीवर लोकांचा भरवसा आहे तिलाच जुन्या बाजारात भाव मिळतो.

भरवसा म्हणजे नेमके काय

‘आमच्या शेजाऱ्यांची गाडी दहा वर्षे झाली, अजून हातही लावावा लागला नाही,’ हे वाक्य गाडी घेताना हमखास ऐकू येते, आणि ते खरेही असते. अडचण एवढीच की ती एक गाडी आहे. हापूसची पेटी फोडून वरचा एक आंबा कापला आणि तो उत्तम निघाला, म्हणून अख्ख्या बागेत साका, म्हणजे आतून गर खराब झालेले फळ, नाही असे कोणताही बागायतदार म्हणणार नाही. भरवसा ही एका फळाची गोष्ट नसून पेट्यांमागे किती फळे खराब निघाली याची गोष्ट आहे. अमेरिकेत जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षे जुन्या गाड्यांच्या मालकांना विचारून दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी आल्या ते मोजते, त्यामागची कल्पना हीच. अर्थात तिथल्या यादीतला क्रम पाहून इथे गाडी घेण्यात अर्थ नाही, कारण नाव तेच असले तरी इंजिन, इंधन, रस्ते आणि हवा यांतले काहीच सारखे नसते.

शिवाय भरवशाचे दोन भाग असतात आणि आपण बहुतेक वेळा पहिलाच पाहतो. गाडी किती वेळा बिघडते, हा पहिला. बिघडल्यावर ती किती दिवसांत आणि किती पैशांत पुन्हा उभी राहते, हा दुसरा. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर बोटीसाठी इंजिन घेणारा माणूस दुसरा प्रश्न आधी विचारतो: त्याचा सुटा भाग बंदरावर मिळतो का, आणि ते खोलणारा हात जवळ आहे का? कारण हंगामात आठ दिवस बोट काठाला राहिली तर इंजिनाचे सगळे गुण वाया जातात. माझ्या मते किनाऱ्यावर राहणाऱ्याने मोटारीलाही हाच नियम लावावा. मुंबईत बिघडलेली गाडी संध्याकाळी वर्कशॉपमध्ये पोहोचते. गुहागर, देवगड किंवा वेंगुर्ल्यात राहणाऱ्याने कंपनीचे अधिकृत वर्कशॉप किती किलोमीटरवर आहे हे आधी पाहावे. ते चिपळूण, रत्नागिरी किंवा कुडाळला असेल तर निभते, पण घाट चढून कोल्हापूर गाठावे लागणार असेल तर प्रत्येक किरकोळ कामाला एक दिवस आणि एक टाकी पेट्रोल धरावे लागते. शोरूम जवळ असणे आणि वर्कशॉप जवळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही तपासून घ्यावे.

खारा वारा, लाल माती आणि साचलेले पाणी

इथे थोडे थांबावे लागेल, कारण कोकणात गाडी म्हातारी होते ती मुख्यतः चालण्याने नव्हे, उभी राहण्याने.

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते पत्र्यावर आणि जोडांत बसतात, हवेतली ओल धरून ठेवतात आणि खारट ओलीत लोखंडाचा गंज वेगाने वाढतो. त्यात पावसाळ्याचे चार महिने, साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि चाकांच्या कमानीत जाऊन बसणारी जांभ्याची लाल माती. ही माती ओल्या फडक्यासारखी पत्र्याला चिकटून राहते. म्हणून दर पंधरवड्याला वरून चकचकीत धुण्यापेक्षा पावसाळ्यात खालून आणि कमानीतून गोड्या पाण्याचा जोरदार फवारा मारणे अधिक उपयोगाचे. नवी गाडी घेताना तिच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा किती भागांना आहे हे विचारावे. विक्रेत्याला उत्तर येत नसेल तर वर्कशॉपमध्ये जाऊन त्याच मॉडेलची चार-पाच वर्षे जुनी, ७ किंवा ८ क्रमांकाच्या एमएच पाटीची, म्हणजे सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरीत नोंदलेली, गाडी लिफ्टवर असताना खालून पाहावी. दहा जाहिरातींपेक्षा ते अधिक सांगते.

पत्र्याचा गंज निदान दिसतो. विजेच्या जोडांतला हिरवट गंज दिसत नाही, आणि मोठ्या सेडानमध्ये असे जोड फार. आसनाची मोटर, छताची काच, आपोआप मिटणारे आरसे, चहूबाजूंचे कॅमेरे यांतली प्रत्येक सोय म्हणजे आणखी काही तारा आणि आणखी एक जागा जिथे ओल शिरू शकते. याच कारणासाठी सर्वांत वरच्या व्हेरियंटपेक्षा मधले व्हेरियंट किनाऱ्यावर अधिक शहाणपणाचे ठरते असे मला वाटते. एअरबॅगा आणि ब्रेकसंबंधीच्या सोयींत मात्र काटकसर करू नये. माझ्या स्वतःच्या गाडीत एका पावसाळ्यात पायाखालचा गालिचा कुजका वास मारू लागला. कारण शोधता शोधता तीन फेऱ्या झाल्या, आणि शेवटी निघाले काय, तर समोरच्या काचेखालच्या जाळीत आंब्याचा वाळलेला मोहोर आणि पाने अडकून पाणी जायची वाट बंद झाली होती. दोष गाडीचा नव्हता, आमच्या अंगणातल्या सावलीचा होता. ब्रेक ऑइलचेही असेच आहे: ते हवेतली ओल शोषते, ओल शोषली की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, आणि आंबा घाट किंवा कुंभार्ली उतरताना सतत दाबलेले ब्रेक तापले की पेडल मऊ पडू शकते. दर दोन वर्षांनी ते बदलण्याचा खर्च नगण्य आहे, तरी तो टाळला जातो.

आणि पूर. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा घरे-दुकानांबरोबर गाड्याही बुडाल्या. अशा वेळी पाण्याने जेवढे नुकसान होते, त्यात नंतर चावी फिरवण्याने भर पडते. इंजिन हवा दाबण्यासाठी बनवलेले असते आणि पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले की आतला दांडा वाकतो. सर्वसाधारण विम्यात असे इंजिनाचे नुकसान बहुधा धरले जात नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. बुटक्या सेडानमध्ये हवा आत घेणारे तोंड उंच गाडीपेक्षा खाली असण्याची शक्यता अधिक, म्हणून नदीकाठच्या बाजारपेठेत राहणाऱ्या सेडानवाल्याने ही जोड ऐच्छिक समजू नये.

गिअरबॉक्सकडे आधी पाहावे

मॅन्युअल गिअर निवडणाऱ्याने हा भाग वगळला तरी चालेल. आजच्या मोठ्या सेडानमध्ये स्वयंचलित गिअर मुख्यतः तीन प्रकारांनी येतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेलात समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांसारखी रचना असते. इंजिन एक पंखा फिरवते आणि तेलाच्या प्रवाहाने दुसरा फिरतो. सीव्हीटीमध्ये गिरणीच्या पट्ट्यासारखा एक पट्टा दोन चाकांवर चालतो आणि त्या चाकांची रुंदी बदलून वेग बदलतो. डबल क्लचमध्ये दोन क्लच आळीपाळीने काम करतात. तो सर्वांत चपळ, पण रांगत्या रहदारीत क्लच अर्धवट दाबलेल्या अवस्थेत राहून तापतो, आणि तो कोरड्या प्रकारचा असेल तर त्याला थंड करायला तेलही नसते. गणपतीच्या आदल्या दिवशी माणगावात दोन-दोन तास रांगणाऱ्या रांगेत ज्याची गाडी अडकते, त्याने हा फरक लक्षात घ्यावा. एकाच मॉडेलमध्येही तो असतो: स्लाव्हिया आणि व्हर्टसमध्ये एक लिटर इंजिनाबरोबर टॉर्क कन्व्हर्टर आणि दीड लिटर इंजिनाबरोबर डबल क्लच मिळतो, तर व्हर्नाच्या साध्या इंजिनाला सीव्हीटीच्या जातीचा गिअर आणि टर्बोला डबल क्लच आहे. सिटीच्या साध्या पेट्रोल इंजिनाला सीव्हीटी मिळतो. तेव्हा ‘अमुक कंपनीची गाडी भरवशाची’ हे विधानच अपुरे आहे. कोणते इंजिन आणि कोणता गिअर, एवढे विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

बाजारात नुकत्याच आलेल्या यंत्रापेक्षा दोन-तीन पावसाळे काढलेले यंत्र बरे, हा जुना नियम इथे अजून खरा आहे.

‘वॉरंटी आहे ना, मग काळजी कशाला?’

वॉरंटी दुरुस्तीचे पैसे देते. वाया गेलेली सुट्टी आणि घाटात ताटकळलेली म्हातारी माणसे यांची भरपाई देत नाही. शिवाय झिजणारे भाग, पुराचे पाणी आणि उंदरांनी कुरतडलेल्या तारा तिच्यात सहसा येत नाहीत, आणि कोकणात तिसरे कारण पहिल्या दोहोंइतकेच सामान्य आहे. वाढीव वॉरंटी घ्यावी, पण गिअरबॉक्स आणि विजेचे भाग तिच्यात आहेत का हे वाचून घ्यावी.

‘मग सरळ उंच गाडीच का घेऊ नये?’

या आक्षेपात तथ्य आहे. व्हर्टस आणि स्लाव्हियाच्या पोटाखाली १७९ मिलिमीटर आणि सिटीखाली १६५ मिलिमीटर जागा असते, ती पाच माणसे आणि भरलेली डिकी यांनी आणखी कमी होते. वाडीकडे जाणारी वाट दोन गडग्यांमधून आणि मधोमध उंचवटा असलेली असेल, तर साडेचार मीटर लांबीची सेडान तिथे रोज नेणे हा छळ आहे. गुडघे दुखणाऱ्या आजीला खोल आसनातून उठणेही कठीण जाते. आजीला सोबत नेऊन शोरूममध्ये चार वेळा बसवून-उठवून पाहावे.

दुसऱ्या बाजूला, सेडानचे वजन जमिनीजवळ असल्याने ती घाटाच्या वळणावर कमी कलते आणि मागे बसणाऱ्यांना मळमळ कमी होते. वाऱ्याचा अडथळा कमी म्हणून महामार्गावर इंधनही कमी लागते. सामान वेगळ्या बंद खणात असल्यामुळे सुक्या मासळीचा वास मुंबईपर्यंत सोबत येत नाही, ही सोय लहान वाटते, पण ज्याने एकदा हॅचबॅकमधून सुके बोंबील नेले आहेत त्याला तिची किंमत विचारावी. रस्ता दारापर्यंत डांबरी असेल तर सेडान, नसेल तर उंच गाडी, असे मी मोकळेपणाने म्हणेन.

‘आणि मॉडेलच बंद पडले तर?’

ही भीती निराधार नाही. कोरोला अल्टिस आणि सिव्हिक २०२० साली आपल्या बाजारातून गेल्या, सियाझ २०२५ मध्ये थांबली. ग्राहक उंच गाड्यांकडे वळल्याने सेडानचे पर्याय कमी होत चालले आहेत. पण मॉडेल बंद होणे आणि कंपनीने देशातली विक्री बंद करणे यांत फरक आहे. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये देशातली विक्री थांबवली आणि फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन आवरत असल्याचे जाहीर केले, तेव्हा सुटे भाग पुरवण्याची हमी दिली गेली, पण जुन्या बाजारातला भाव हमीवर चालत नाही. मॉडेल बंद पडले तरी तेच इंजिन आणि तोच गिअर कंपनीच्या दुसऱ्या चालू गाडीत असेल, तर यांत्रिक भागांची फारशी चिंता नाही; चणचण भासते ती बंपर, दिवे आणि काचांची.

‘त्याच पैशांत जुनी, पण आणखी मोठी?’

विम्याच्या तक्त्यात गाडीचे मूल्य चार वर्षे उलटून पाचवे चालू असताना निम्मे धरले जाते, आणि बाजारातही त्या वयाच्या मोठ्या सेडान आकर्षक भावात दिसतात. नव्या मध्यम सेडानच्या पैशांत कॅमरीसारखी जवळपास पाच मीटरची गाडी दारात उभी राहू शकते. मात्र गाडी निम्म्या किमतीला मिळाली तरी तिचा हेडलाइट निम्म्या किमतीला मिळत नाही; दुरुस्तीचा खर्च मूळ किमतीच्या तोलाचाच राहतो. विम्याचेही तसेच: जून २०२२ पासूनच्या दरांत तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये ठरला. मध्यम सेडानची इंजिने १५०० सीसीच्या आतच असतात, ती उगाच नव्हे.

आणि साका इथेही बाहेरून कळत नाही. पूर पाहिलेली गाडी धुऊन, पॉलिश करून, दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येते. तेव्हा आसनपट्टा शेवटपर्यंत ओढून त्याच्या तळच्या हातभर भागावर चिखलाची रेघ आहे का पाहावे, डिकीतले जादा चाक काढून त्याखालचा खड्डा चाचपावा, आसनाखालच्या स्क्रूंवर गंज आहे का ते टॉर्चने पाहावे, आणि विकणारा या तपासणीला कंटाळत असेल तर चावी परत देऊन घरी यावे.